प्रति: गायनवृंदाने गावोगाव फिरण्यापेक्षा पैसेच पाठवावेत का?

वर एकांनी लिहिलंय की गायनवृंदाच्या प्रवासाचा खर्च थेट पूरग्रस्तांना दिला तर जास्त उपयोग होईल. हिशेब चुकीचा नाही, पण माझा अनुभव सांगते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर आमच्या चर्चच्या तरुण संघातले आम्ही अठरा जण सांगलीला गेलो होतो. जाण्याआधी तिथल्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, फोन करून काय हवंय ते विचारलं. कपडे नकोत, त्यांचे ढीग पडलेत; खराटे, फावडी, घमेली आणि फिनेल आणा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हे विचारणं फार महत्त्वाचं!

कृष्णेचं पाणी ओसरलं होतं, घरात मात्र घोटाभर गाळ. एका आजींच्या घरी ज्वारीची कोठी उघडली, तर आतलं धान्य फुगून आंबलेलं. तो वास अजून आठवतो. आमच्या टेनरवाल्या (पुरुषांच्या वरच्या पट्टीत गाणाऱ्या) पोरांनी ती कोठी बाहेर काढली, आम्ही मुलींनी भिजलेले फोटो एकेक सुटे करून दोरीवर वाळत घातले.

गाणं करायचं ठरलंच नव्हतं. संध्याकाळी आजीच म्हणाल्या, "गाणारी पोरं ना तुम्ही? मग म्हणा की काहीतरी." आम्ही ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एक भजन घेतलं. त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंगाची चाल रुजवली, म्हणूनच असेल, आजींनी दुसऱ्या कडव्यापासून टाळ्यांचा ठेका धरला. शेजारच्या दोघी पायरीवर येऊन बसल्या.

पैसे पाठवाच. जमलं तर पोरांनाही पाठवा.