लॉगआऊटची सवय

शाळेच्या संगणक लॅबमधल्या नको त्या साइट ब्लॉक केल्या की मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न मिटला, असं या चर्चेत एकांनी म्हटलंय. माझा अनुभव वेगळा आहे. मी आठवी-नववीला संगणक शिकवते, २० मशीनवर ४० मुलं. आमच्याकडे तक्रार आली ती ब्लॉक केलेल्या साइटमुळे नव्हे, तर उघड्या राहिलेल्या ईमेलमुळे. तास संपला, मुलगा लॉगआऊट न करता पळाला आणि पुढच्या तुकडीतल्या कुणीतरी त्याच्या नावाने वर्गशिक्षिकांना भलताच मेल धाडला. बिचारा दोन दिवस "मी नाही हो मॅडम" करत फिरत होता!

तेव्हापासून माझा पहिला तास याच विषयावर असतो. ब्राउझर 'पासवर्ड सेव्ह करू?' विचारतो, तिथे शाळेच्या मशीनवर नाहीच म्हणायचं. लॉगआऊट राहिलंच, तर घरून मोबाइलवर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन त्या मशीनवरून साइन आऊट करता येतं. हे पालकांनाही माहीत नसतं. इनकॉग्निटोत (ब्राउझरच्या खासगी विंडोत) काय केलं ते कुणालाच दिसत नाही, हा गैरसमज तर विचारू नका. त्याने फक्त त्या ब्राउझरमधला इतिहास राहत नाही. शाळेच्या नेटवर्कवर कुठली साइट उघडली ते दिसू शकतं.

आणि 'गंमत केली' म्हणणाऱ्यांसाठी: दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६क कलमाखाली (इंग्रजीत ६६सी) गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद. मुलांना मी हे घाबरवायला सांगत नाही. पण सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो, एवढं खरं.