सरांचा लंबक

सर गेल्यावर त्यांच्या आठवणींत तुम्ही लिहिलंत की ते थेट उत्तर कधीच देत नसत, ते अगदी खरं. त्यात माझी एक भर.

नववीत त्यांनी दोरा आणि एक लांबट दगड देऊन गुरुत्व त्वरण (खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते) काढायला लावलं. एक मीटरचा लंबक, वीस दोलनं (एकदा जाऊन परत आला की एक) मोजायची. आमच्या गटाला ३९ सेकंद लागले. आकडेमोड केली तर उत्तर १०.४! पुस्तकात ९.८. मी गुपचूप ३९ चे ४० केले. उत्तर ९.९ आलं, मी खूश.

सरांनी वही पाहिली, खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "घड्याळ चुकलं की तू?" (ओरडले असते तर परवडलं असतं.) मग म्हणाले, "३९ च बरोबर असतील तर चूक कुठे असेल?"

दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं. आम्ही दोरा दगडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजला होता, तो मोजायला हवा दगडाच्या मध्यापर्यंत. खरी लांबी ९५ सेंटीमीटर. तेच ३९ सेकंद घेऊन पुन्हा गणित केलं आणि ९.९ आलं. या वेळी न खोडता.

सरांना दाखवायला धावत गेलो, तर म्हणाले, "हं. आता दगड बदल, दोरा तेवढाच ठेव." वजनाने दोलनकालात, म्हणजे एका दोलनाला लागणाऱ्या वेळात, काही फरक पडत नाही हे त्यांनी सांगितलं नाहीच, तेही मलाच शोधायला लावलं.

सर गेल्याची बातमी कळल्यावर ती वही शोधली. सापडली नाही.