जोन ऑफ आर्क : देशभक्त, राजनिष्ठ की अजून काही?

फ्रान्सचा युवराज चार्ल्स याच्या बाजूने इंग्रजांशी लढलेल्या जोनवर छोटा लेख लिहितेय आणि पहिल्याच ओळीत 'थोर फ्रेंच देशभक्त' लिहून अडलेय. १४२९ साली तिच्या डोक्यात 'देश' होता का? राजनिष्ठ लिहू का? सुचवा प्लीज.

— देशभक्त नको. भांडण फ्रेंच विरुद्ध इंग्रज असं सरळ नव्हतंच हो, बर्गंडी या फ्रान्समधल्याच बड्या सरदारी प्रांताचा ड्यूक फिलिप फ्रेंच राजघराण्यातलाच पण त्याच्या बापाला १४१९ मधे मोंतेरोच्या पुलावर युवराज चार्ल्सच्या माणसांनी मारलं म्हणून तो इंग्रजांना जाऊन मिळाला, आणि फ्रेंच राजा आणि इंग्रज यांच्यातल्या १४२० च्या त्र्वाच्या तहात युवराजाचा वारसाहक्कच उडवला. जोनला पकडणारे बर्गंडीवाले, पैसे घेऊन इंग्रजांच्या हवाली करणारेही तेच, तिच्यावर धर्मद्रोहाचा खटला चालवणारा बिशप कोशों पण फ्रेंच.

— मग त्यांना सरळ फितूर म्हणा की!

— त्यांच्या लेखी चार्ल्स खुनी होता. फितूर कोण हे तुम्ही कुठल्या छावणीत बसून लिहिताय त्यावर ठरणार.

— पण देशभक्त अगदीच टाकाऊ नाही हं. देव इंग्रजांचा द्वेष करतो का असं कोर्टात विचारलं तर म्हणाली ते मला ठाऊक नाही, पण इथे मरतील ते सोडून बाकीचे सगळे फ्रान्समधून हाकलले जातील. हे काय आहे मग?

— मान्य, तरी मी 'पक्षाची' म्हणेन. दोंरेमी हे तिचं गाव चार्ल्सच्या बाजूचं, शेजारचं माक्से बर्गंडीवाल्यांचं, तिथल्या पोरांशी मारामारी करून गावातली पोरं रक्तबंबाळ होऊन यायची हे तिनेच सांगितलंय. गावात बर्गंडीवाला एकच माहीत होता आणि त्याचं मुंडकं उडालं तर बरं असं वाटायचं, अर्थात देवाची इच्छा असेल तर :) ही पुस्तकी निष्ठा नाही, गावकीतली आहे. राजनिष्ठ शब्दाला तर आपल्याकडे रावबहादूरांचा वास येतो. स्वामिनिष्ठ म्हणावं तर चार्ल्सचं मीठ तिने कधी खाल्लं होतं? शेतकऱ्याची पोर. शिवाय तिचं म्हणणं, राज्य देवाचं, चार्ल्सकडे नुसतं सांभाळायला दिलंय, म्हणून रीम्सला, जिथे फ्रेंच राजांचा राज्याभिषेक व्हायचा, अभिषेक होईपर्यंत ती त्याला युवराजच म्हणायची. १७ जुलै १४२९ ला अभिषेक झाला, त्याच दिवशी बर्गंडीच्या ड्यूकला पत्र धाडलं, राजाशी समेट कर म्हणून! आणि सप्टेंबरात इंग्रज-बर्गंडीवाल्यांच्या ताब्यातल्या पॅरिसवर हल्ला, जो राजानेच मग थांबवायला लावला. म्हणजे राजापेक्षा राजाच्या हक्काला जास्त चिकटून होती ती.

— भारी! मग 'युवराज चार्ल्सच्या हक्कासाठी लढणारी' असं टाकते.

— टाका, पण त्याचा बाप १४२२ मधेच वारला होता हे एका वाक्यात सांगा, नाहीतर बाप गेल्यावर सात वर्षांनी हा युवराज कसा म्हणून वाचक गोंधळतील.