पेनसिल्वेनियाच्या नकाशाविरुद्ध विनामोबदला लढलेल्या वकिलांचा जाहीर सन्मान व्हावा का?

चेस्टरकर (धागाकर्ता):
डिसेंबर 2011 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्याच्या विधिमंडळाने काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, 18 मतदारसंघांचा नवा नकाशा मंजूर केला. आपल्याकडे हे काम सीमांकन आयोग करतो; तिथे मात्र तो साधा कायदा असतो, आणि ज्या पक्षाचे बहुमत असते तोच सीमा आखतो. त्या वेळी बहुमत रिपब्लिकन पक्षाचे होते. पुढच्याच वर्षी डेमोक्रॅटिक उमेदवारांना राज्यभरात निम्म्याहून किंचित अधिक मते मिळूनही त्यांच्या वाट्याला 18 पैकी 5 जागा आल्या, आणि 2014 व 2016 मध्येही 13 विरुद्ध 5 हेच चित्र कायम राहिले.

जून 2017 मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘पब्लिक इंटरेस्ट लॉ सेंटर’च्या वकिलांनी आणि त्यांच्यासोबत ‘अर्नोल्ड अँड पोर्टर’ या मोठ्या वकिली कंपनीच्या वकिलांनी विनामोबदला वकीलपत्र घेतले आणि ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ ही मतदारांसाठी काम करणारी संघटना व प्रत्येक मतदारसंघातील एक अशा 18 मतदारांच्या वतीने राज्याच्याच न्यायालयात दावा दाखल केला. दाव्याचा आधार केवळ पेनसिल्वेनिया राज्याच्या स्वतःच्या घटनेचा होता: निवडणुका ‘मुक्त आणि समान’ असाव्यात, हे त्या घटनेतले 1790 पासूनचे वचन. 22 जानेवारी 2018 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नकाशा रद्द केला. माझे स्पष्ट मत आहे की या वकिलांचा जाहीर सत्कार व्हावा आणि फिलाडेल्फिया परिसरात राहणाऱ्या, मतदानाचा हक्क असलेल्या मराठी मंडळींनीही त्यात पुढाकार घ्यावा, कारण विद्रूप झालेला सातवा मतदारसंघ आपल्याच घरांजवळचा होता. तो पाच काउंट्यांतून (म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांतून) वळणे घेत जाई आणि किंग ऑफ प्रशिया येथे जेमतेम एका उपाहारगृहाच्या जागेएवढा अरुंद होई.

घटनावाचक:
आपल्या भावनेचा आदर राखूनही मी या सत्काराला विरोध करतो. पेनसिल्वेनियाचे न्यायाधीश पक्षाच्या नावावर निवडून येतात, आणि त्या वेळी खंडपीठात डेमोक्रॅट पाच, तर रिपब्लिकन दोन होते. विधिमंडळाला नवा नकाशा राज्यपालांकडे पाठवण्यासाठी 9 फेब्रुवारीपर्यंतची मुदत मिळाली, पण कोणत्या कारणांनी जुना नकाशा घटनाबाह्य ठरला हे सांगणारे सविस्तर निकालपत्र 7 फेब्रुवारीला आले. मुदत उलटल्यावर न्यायालयाने तज्ज्ञाच्या मदतीने स्वतःच नकाशा केला आणि 19 फेब्रुवारीला लागू केला. जुना नकाशा घटनाबाह्य आहे, हे मान्य असणारे न्यायमूर्ती बेअर हेही डेमोक्रॅट होते, तरीही या घाईला त्यांनी विरोध नोंदवला. लोकनियुक्त विधिमंडळाचे काम न्यायालयाच्या हाती गेले, अशा खटल्याच्या विजेत्यांना हार घालणे मला योग्य वाटत नाही.

आकडेमोड:
घटनावाचक, मुदतीविषयीचा आपला आक्षेप मला रास्त वाटतो, परंतु ती न्यायालयाने ठरवली होती आणि सन्मानाचा प्रस्ताव वकिलांसाठी आहे. त्यांचे खरे काम डिसेंबर 2017 च्या सुनावणीत दिसते. वर्तमानपत्रे सातव्या मतदारसंघाच्या आकारावर हसत होती. पण वेडावाकडा आकार हा काही स्वतःच अन्याय नव्हे, आणि हे या वकिलांनी ओळखले. त्यांनी मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक जोवेई चेन यांची साक्ष नोंदवली. चेन यांनी समान लोकसंख्या, सलगता आणि काउंटी शक्यतो न फोडणे हे नेहमीचे नियम पाळून संगणकाने 500 नकाशे तयार केले होते, आणि विद्यमान सदस्यांच्या जागा सांभाळणारे आणखी 500. त्यांतल्या एकाही नकाशात रिपब्लिकन पक्षाला 13 जागा मिळत नव्हत्या. हेतूचा वाद अशा रीतीने मोजमापाच्या पातळीवर आणणे, तेही पैसे न घेता, हे मोलाचे काम आहे. शिवाय न्यायाधीशांच्या पक्षावरून नवा नकाशा डेमोक्रॅटांना दिलेली भेट होता असे कोणी सुचवत असेल, तर तेही टिकत नाही. जुन्या नकाशाने 28 काउंट्या फोडल्या होत्या, नव्याने 13. आणि नोव्हेंबर 2018 मध्ये सुमारे 55 टक्के मते मिळूनही डेमोक्रॅटांना 18 पैकी 9 जागाच मिळाल्या.

सावित्रीची लेक:
मला मात्र वेगळेच खटकते आहे. मोठ्या कंपनीतील वकिलाला विनामोबदला खटल्याच्या काळातही पगार सुरू असतो; उलट ज्यांनी आपले नाव याचिकेवर घालून जबाब दिले ते मतदार आणि गावोगावच्या सभांत नकाशे उलगडून समजावणारे ‘फेअर डिस्ट्रिक्ट्स पेनसिल्वेनिया’चे कार्यकर्ते यांना कोणी पगार देत नव्हते. व्यासपीठावर वकील आणि समोर टाळ्या वाजवायला कार्यकर्ते, अशी मांडणी झाली तर मी त्या सभेला येणार नाही.

आणखी एक. मेरिलँडमध्ये डेमोक्रॅटांनी सहावा मतदारसंघ असाच बदलून रिपब्लिकन मतदारांची ताकद कमी केली, आणि त्या मतदारांच्या बाजूनेही वकील उभे राहिले. ते हरले: 27 जून 2019 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी असे वाद संघराज्याच्या न्यायालयांच्या कक्षेबाहेरचे ठरवले. सन्मान तत्त्वाचा असेल, तर मेरिलँडच्या वकिलांनाही त्याच व्यासपीठावर बोलवा.

चेस्टरकर:
दोन्ही सूचना मला मान्य आहेत, आणि मेरिलँडची तर मनापासून. पगाराचा मुद्दा मात्र अर्धाच खरा वाटतो. तज्ज्ञ साक्षीदार, उलटतपासण्या, संगणकीय विश्लेषण यांचा भार 18 सामान्य मतदार उचलू शकले नसते. वकील पुढे आले नसते, तर कार्यकर्त्यांच्या हातातील नकाशे सभेपुरतेच उरले असते.

घटनावाचक:
मेरिलँडचा समावेश झाल्यास माझा आक्षेप बराच सौम्य होतो, परंतु संपत नाही. नॉर्थ कॅरोलायनामध्ये 2022 साली राज्य न्यायालयाने असाच निकाल दिला, आणि निवडणुकीनंतर न्यायाधीशांचे बहुमत बदलताच 2023 मध्ये त्याच न्यायालयाने तो फिरवला. म्हणून मानपत्रात ‘न्याय मिळवून दिला’ असे न लिहिता, त्यांनी पुरावा कसा उभा केला एवढेच लिहावे, अशी माझी अट राहील.

चेस्टरकर:
पुराव्याचे वर्णन सविस्तर असावे, हे मान्य. पण निकाल वगळणे मला मान्य नाही. 2018 मध्ये पेनसिल्वेनियाच्या मतदारांनी प्रत्यक्ष ज्या मतदारसंघांत मत दिले, ते त्या निकालामुळेच अस्तित्वात आले होते. मानपत्रात निकालाची तारीख येईल, आणि आपली इच्छा असल्यास शेजारी न्यायमूर्ती बेअर यांच्या विरोधाची नोंदही येईल.