मदत हवी आहे: युडोरातल्या मेल अटॅचमेंटसकट थंडरबर्डमध्ये कशा न्यायच्या?

विंडोजवरच्या युडोरा ७.१ या जुन्या ईमेल प्रोग्रॅममधला सगळा जुना साठा थंडरबर्ड या दुसऱ्या ईमेल प्रोग्रॅममध्ये न्यायचा आहे. युडोरा ज्यांत मेल साठवतं त्या एमबीएक्स फायली मुळात थंडरबर्डच्या एमबॉक्स फायलींसारख्याच, म्हणून त्यांचं एक्स्टेन्शन काढून 'लोकल फोल्डर्स'मध्ये ठेवून पाहिल्या. मजकूर व्यवस्थित आला. अटॅचमेंट मात्र आल्या नाहीत. युडोरा त्या मेलमधून काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. मेलच्या तळाशी 'अटॅचमेंट कन्व्हर्टेड' आणि फाइलचा पाथ एवढंच उरतं. वाचलं, उत्तर दिलं या खुणा टीओसी फायलींत (प्रत्येक मेलबॉक्सच्या सूचीच्या फायलींत) असतात, त्यामुळे त्याही गेल्या.

अटॅचमेंटचा फोल्डर शाबूत आहे, बॅकअपही आहे. ड्राइव्ह बदलल्यामुळे पाथ मात्र जुळत नाहीत. मेल खासगी आहेत, त्यामुळे ऑनलाइन कन्व्हर्टर नको. युडोरा ओएसई सुचवू नका, ती थंडरबर्डवरच बेतलेली आणि केव्हाच बंद पडलेली आहे.

कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने २०१८ मध्ये युडोराचा सोर्स कोड बीएसडी परवान्याखाली खुला केला, हे फार मोलाचं काम झालं. पण मला पायथन येतं, सी++ नाही.

अटॅचमेंट पुन्हा मेलमध्ये बसवणारं आणि टीओसीतल्या खुणा वाचणारं, आजच्या विंडोजवर चालणारं टूल कुणी वापरलंय का? नसेल, तर टीओसीची रचना त्या कोडमध्ये नेमकी कुठल्या फाइलमध्ये सापडेल?