चिऱ्याच्या घरात नेटचं वायरिंग: कॅट ६ की कॅट ७? आणि अंगणापलीकडच्या खोल्यांचं काय?

गडगा_७१
राजापूर तालुक्यात गावचं घर आहे. जुनं, चिऱ्याचं, भिंती दीड फुटाच्या. फायबरचा राउटर ओटीवर आहे, प्लॅन २०० एमबीपीएस. ओटीवर पूर्ण स्पीड येतो, माजघरात ४०-५०. माडीवर मोबाइल वायफाय धरतो, पण व्हिडिओ कॉल तुटतो. अंगणापलीकडे ३५ मीटरवर पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्यात, तिथे काहीच पोचत नाही.

दिवाळीनंतर लाइटचं वायरिंग नवीन करायचंय, त्यातच नेटची वायर टाकून घ्यावी म्हणतो. वायरमन म्हणतो, कॅट ७ घ्या, सगळ्यात भारी. लाइटच्याच पाइपातून ओढतो, वेगळी खाच मारायला नको. खोल्यांपर्यंत तीच वायर खांबावरून नेऊ म्हणतो. हे बरोबर आहे का? की वायरच्या भानगडीत न पडता मेश सेट (घरात ठिकठिकाणी ठेवायचे, एकमेकांशी वायफायने बोलणारे डबे) घ्यावा?

तांब्याचीतार
दादा, वेगळी खाच माराच, यात तडजोड करू नका. लाइटच्या पाइपात ओढताना इन्सुलेशन सोललं गेलं तर २३० व्होल्ट नेटच्या वायरीवर येतील आणि तिथून राउटर, टीव्ही, लॅपटॉप, सगळ्यांपर्यंत. इंटरफिअरन्सचा प्रश्न त्याच्यानंतरचा. नेटसाठी २५ मिमीचा स्वतंत्र पीव्हीसी पाइप घ्या, लाइटच्या पाइपाला समांतर जाणार असेल तर फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. त्या पाइपात तीन-चार वायरी आरामात जातात. कोपऱ्यावर एल्बो लावू नका, लांब बेंड लावा. कॅट ६ ची वायर साधारण ६ मिमी जाड असते, तिचा वळसा जाडीच्या चौपटीपेक्षा घट्ट नको, म्हणजे अडीच सेंटिमीटर तरी हवाच.

कॅट ७ चं विसरून जा. त्याचं मूळ कनेक्टरच वेगळं आहे. बाजारात आरजे ४५ (नेटचा नेहमीचा प्लग) लावून जे कॅट ७ म्हणून विकतात, त्यातलं बरंचसं फक्त नावाचं. शिवाय शिल्डच्या (आत धातूचं आवरण असलेल्या) वायरीला दोन्हीकडे शिल्डचे जॅक आणि नीट अर्थिंग लागतं. ते नसेल तर शिल्डचे पैसे वाया. घराला साधी यूटीपी, म्हणजे बिनशिल्डची, कॅट ६ पुरे. १ जीबीपीएस तर कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत नेते. कॅट ६ छोट्या अंतरावर, साधारण ५५ मीटरच्या आत, १० जीबीपीएसही देऊ शकते. भिंतीत एकदा गाडायची वायर म्हणून थोडे जास्त पैसे देऊन कॅट ६ घ्यायची, एवढंच.

खरी फसवणूक आकड्यात नाही, तारेत आहे. स्वस्त बंडलात बऱ्याचदा सीसीए असते, म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो, वाकवताना तुटते आणि वायरीतूनच कॅमेऱ्याला वीज द्यायची म्हटली तर तापते. दुकानातच तपासा: एक तार सोलून ब्लेडने हलकेच खरवडायची. आत चंदेरी दिसली की परत करायची. वजनावरूनही कळतं. २३ गेजच्या १०० मीटर कॅट ६ मध्ये नुसत्या तांब्याचंच वजन सुमारे १.८ किलो भरतं, सीसीएचं पाऊण किलोसुद्धा नाही. बंडलावर ‘सॉलिड बेअर कॉपर’ लिहिलेलं हवं. चपट्या वायरी भिंतीत घालू नका.

पडवीवरचा
घरातल्या वायरिंगबद्दल वरच्याशी सहमत. पण खांबावरून तांब्याची वायर नेऊ नका, कोकणात तर अजिबातच नको. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, दोन्ही वेळा विजा कशा कडाडतात ते तुम्ही जाणताच. वीज थेट वायरीवर पडायची गरज नसते, जवळ कुठे पडली तरी ३५ मीटरच्या मोकळ्या तारेत काही हजार व्होल्ट उमटू शकतात. नेटच्या पोर्टमधलं इन्सुलेशन १५०० व्होल्टच्या चाचणीचं असतं. त्यापुढे आधी पोर्ट जातो, मग अख्खा राउटर. त्यात दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असेल तर एरवीसुद्धा त्या वायरीतून नको तो प्रवाह फिरतो.

तिथे फायबर टाका. सिंगल मोड ड्रॉप वायर (इंटरनेटवाले खांबावरून घरात आणतात तसली फायबरची वायर) ५० मीटर, दोन्ही टोकांना कनेक्टर लावून आलेली, आणि गिगाबिट मीडिया कन्व्हर्टरची (फायबर आणि नेटची वायर एकमेकांना जोडणारे डबे) एक जोडी. काच वीज वाहत नाही, प्रश्नच मिटला. तीन गोष्टी मात्र बघून घ्या.

कन्व्हर्टर जोडीनेच घ्यायचे, एक ए आणि एक बी. एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसऱ्याचं उलट. दोन्ही ए आले तर लिंकचा दिवा लागणारच नाही.

कनेक्टरचा रंग जुळवा. कन्व्हर्टरचं पोर्ट बहुधा निळं असतं, इंटरनेटवाले वापरतात त्या वायरीला बहुधा हिरवं टोक असतं. हिरव्याचं तोंड ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, ते निळ्यात बसतं पण काच काचेला नीट टेकत नाही.

आणि ड्रॉप वायरीला आधाराची पोलादी तार असते. ती भिंतीबाहेरच हुकाला बांधून कापा, घरात आणू नका. नाहीतर विजेला वाट दिलीच म्हणून समजा. पूर्ण बिनधातूची वायर मिळाली तर उत्तमच. आणि जोडणी चालू असताना टोकात डोकावून बघू नका, लेझर डोळ्याला दिसत नाही.

गडगा_७१
खूप उपयोगी माहिती, आभार. अंगणात हातभर खाली कातळ लागतो, खोदाई जमणार नाही. फायबर गडग्याच्या कडेने नेली तर? आणि मेशचं काय करू?

पडवीवरचा
गडग्याच्या कडेने उत्तम. पण उघडी ठेवू नका, घुशी आणि उंदीर कुरतडतात. ३२ मिमीचा काळा एचडीपीई पाइप घ्या, पाण्याच्या लाइनीला वापरतात तोच. फायबरबरोबर एक नायलॉनची दोरी आत सोडून ठेवा, पुढे काही ओढायचं झालं तर उपयोगी पडते. पाइपाला किंचित उतार द्या आणि दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर मुंग्या वारूळ करतात.

लहरी_पाचगिगा
मेशबद्दल. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी धरतो आणि ओल्या दीड फुटी भिंतीत ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ जिरून जातो. वायरशिवायचे मेशचे डबे एकमेकांशी याच भिंतीतून बोलणार. त्यातून एकच रेडिओ घेणार आणि देणार असेल तर प्रत्येक टप्प्याला स्पीड निम्मा. वायफाय हवंच, पण प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटला (वायफाय देणाऱ्या डब्याला) मागून वायर हवी. एक माजघरात, एक माडीवर, एक खोल्यांत कन्व्हर्टरच्या पुढे.

जुने राउटर पडले असतील तर तेही चालतील: त्यांचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बदला (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२) आणि वायर वॅनमध्ये (बाहेरचं नेट येण्याच्या पोर्टात) न लावता लॅन पोर्टात (घरातल्या उपकरणांच्या) लावा. वॅनमध्ये लावली तर नेट चालतं, पण खोल्यांतला प्रिंटर किंवा कॅमेरा घरातून दिसत नाही. वायफायचं नाव आणि पासवर्ड सगळीकडे एकच. २.४ गिगाहर्ट्झला चॅनेल १, ६ आणि ११ वाटून द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ.

टीव्ही, कामाचा कॉम्प्युटर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर हे जागचे न हलणारे, त्यांना थेट वायर. मोबाइलला हवा मोकळी राहते.

तांब्याचीतार
शेवटी जोडणीचं राहिलं, आणि सगळ्यात जास्त तिथेच बिघडतं. माजघर, माडी, टेबलापाशी दोन, टीव्ही, कॅमेरा असे सहा फाटे धरले तर सरासरी १५ मीटरने ९० मीटर झाले. १०० चं बंडल तुटपुंजं पडेल, १२० मीटर घ्या. सगळे फाटे ओटीवर एका आठ पोर्टच्या गिगाबिट स्विचवर (सगळ्या नेटच्या वायरी एकत्र जोडणारा डबा) आणा. भिंतीतल्या टोकाला प्लग क्रिम्प करू नका, कीस्टोन जॅक (भिंतीतल्या प्लेटमध्ये बसणारं सॉकेट) लावा आणि पुढे तयार पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी वायर).

तारांच्या रंगांचा क्रम दोन्हीकडे बी पद्धतीचा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकवर रंग छापलेलेच असतात. तारांच्या जोड्यांचा पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उलगडू नका. काही वायरमन दोन्हीकडे आपल्या मनाचा पण सारखाच क्रम लावतात. टेस्टरवर १ ते ८ दिवे छान लागतात, पण ३ आणि ६, जे एकाच पिळातल्या जोडीवर हवेत, ते वेगवेगळ्या पिळांतल्या तारांवर गेलेले असतात. मग लिंक अडखळते किंवा १०० वर उतरते.

म्हणून नुसत्या दिव्यांवर भागवू नका. लॅपटॉप लावून लिंक स्पीड १००० दिसतो का बघा. १०० दिसला आणि नेट ९४ च्या पुढे हलेना, तर निळी किंवा तपकिरी जोडी सैल आहे: १०० ला दोनच जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. हे सगळं गिलावा बुजवण्याआधी, प्रत्येक फाट्याला करायचं. वायरमनला आधीच सांगून ठेवा.