मदत हवी आहे: कोवलमला सर्फिंग, चार दिवस, नागपूरहून

वर्धारोडवाला
भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघतो आहे. तिकीट झालं, रूम झाली. चौघं आहोत: मी, बायको, मुलगा, आई. सर्फिंग शिकायचं आहे. व्हिडिओ पाहिला होता, कोळ्यांचं गाव, सकाळी पोरं फळी घेऊन पाण्यात अन् दुपारी सगळे आडवे. तसलंच पाहिजे. आजूबाजूला काय पाहावं, अन् स्टेशनहून जायला काय सोयीचं पडेल तेवढं सांगा. लवकर सांगा, आज रात्री फायनल करायचं आहे.

इतवारीचा_नातू
दोनदा जाऊन आलो. त्रिवेंद्रम सेंट्रलहून पंधराएक किलोमीटर, प्रीपेड ऑटो करा. लाइटहाऊस बीचजवळच राहा, सर्फिंग शिकवणारे तिथेच भेटतात. लाल-पांढऱ्या दीपस्तंभावर चढा, वरून विळिंजमचं बंदर दिसते. आईंना पद्मनाभस्वामीच्या दर्शनाला न्या, पण तिथे कपड्यांचा नियम कडक आहे. आपल्याला मुंडू, म्हणजे तिकडची लुंगीसारखी धोती, अन् वर उघडं अंग, बायकांना साडी चालते, पंजाबी ड्रेस असला तर वरून मुंडू गुंडाळावं लागते. जीन्स घालून गेले तर दारातून परत.

वर्धारोडवाला
त्रिवेंद्रम कुठून आलं मध्येच? आमचं तिकीट तमिळनाडू एक्स्प्रेसचं आहे, चेन्नईचं.

इतवारीचा_नातू
चेन्नईहून कोवलम म्हणजे पुन्हा अख्खी रात्र गाडीत. केरळ एक्स्प्रेस नागपूरहूनच जाते न भाऊ, ती कायले सोडली?

मालवणी_जावई
इतक्या लांब जाताच कशाला? तारकर्ली करा. स्कूबा आहे, सिंधुदुर्ग किल्ला आहे, सासूबाईंच्या ओळखीत घरगुती जेवण आहे. भाषेचाही प्रश्न नाही.

बर्डीचा_बंडू
त्याने सर्फिंग विचारलं, तुम्ही स्कूबा सांगून राहिले. एक पाण्यावर, एक पाण्याखाली. अन् नागपूरहून मालवण जवळ आहे असं कोणी सांगितलं? तुम्ही कुडाळला उतरेपर्यंत चेन्नईवाला जेवून झोपलेला असतो.

मालवणी_जावई
महाराष्ट्रातलं सोडून सगळं चांगलं वाटतं लोकांना. चालू द्या.

अड्यारची_वैदर्भीण
थांबा थांबा, कोवलम दोन आहेत. एक केरळातलं, त्रिवेंद्रमजवळचं, इतवारीवाले दादा सांगताहेत ते. दुसरं आमचं, चेन्नईहून ईसीआरने, म्हणजे ईस्ट कोस्ट रोडने, साधारण चाळीस किलोमीटर. कोळ्यांचं गाव, फळ्या घेतलेली पोरं असा व्हिडिओ असेल तर बहुतेक आमचंच. इथे कोळ्यांचीच मुलं सर्फिंग शिकवतात. इंग्रजांच्या काळापासून कोव्हलाँग असंही म्हणतात. पुढे वीसेक किलोमीटरवर महाबलीपुरम. वर्धारोडवाले, तुम्ही तारीख सांगितली, पण रूम कोणत्या कोवलमला घेतली?

वर्धारोडवाला
कोवलमलाच घेतली ताई.

अड्यारची_वैदर्भीण
अहो पत्ता वाचा.

वर्धारोडवाला
लाइटहाऊस बीच रोड, विळिंजम.

बर्डीचा_बंडू
बाप्पा. गाडी एका समुद्राले, रूम दुसऱ्या समुद्राले.

वर्धारोडवाला
हसू नका. रूम साळ्याने बुक केली, तिकीट मी काढलं. आता रूम कॅन्सल करू का तिकीट? पैसे कशाचे कमी जातील?

इतवारीचा_नातू
तिकीट. रूम एकदम बरोबर जागी आहे.

अड्यारची_वैदर्भीण
मी चेन्नईची असूनही हेच म्हणेन. नोव्हेंबर म्हणजे आमचा ऐन पावसाळा, ईशान्य मोसमी. तुमच्याकडे थंडी पडायला लागते तेव्हा इथे रस्त्यात पाणी भरतं. 2015 चा पूर याच हंगामातला. समुद्रही खवळलेला असतो, शिकणाऱ्याला कोणी पाण्यात उतरवत नाही. इथल्या लाटा मे ते सप्टेंबर चांगल्या.

इतवारीचा_नातू
केरळातही त्या दिवसांत पाऊस असतो, पण बहुतेक दुपारनंतर, गडगडाटासह. शिकायचं तर तसंही सकाळीच असते. ऊन चढलं की वारा सुटतो अन् पाणी विस्कटते.

खामल्याचे_काका
प्रवासात संत्रा बर्फी न्यावी का, तर न्यावी. पण डबा घट्ट हवा, किनाऱ्यावर हवा फार दमट. आम्ही 1998 मध्ये कन्याकुमारीला नेली होती, मुंग्या लागल्या.

बर्डीचा_बंडू
काका, बर्फीचं कोणी विचारलं?

वर्धारोडवाला
केरळ एक्स्प्रेसला वेटिंग दाखवते आहे. मोठं.

इतवारीचा_नातू
दिवाळीत दाखवणारच. तत्काळ आहे न. गाडी दिल्लीहून सुटते त्याच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला एसी, अकराला स्लीपर.

अड्यारची_वैदर्भीण
चौघांचं तत्काळ दिवाळीत, आईंना घेऊन? माझं ऐका, आहे ते तिकीट राहू द्या. तमिळनाडू एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नई सेंट्रलला पोचते अन् त्रिवेंद्रम मेल त्याच स्टेशनवरून संध्याकाळी निघते. तिचं आरक्षण आत्ता बघा, आत्ता म्हणजे आत्ता. सामान क्लोक रूममध्ये टाका, गाडी करून महाबलीपुरम करून या. पल्लवांचं समुद्रकाठचं देऊळ आठव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. पाच रथ तर दगड रचून बांधलेले नाहीत, जागच्या खडकातूनच कोरले आहेत, आईंना आवडेल. येताना आमच्या कोवलमला चहा घ्या. वेळ उरला तर मुट्टुकाडूला दक्षिणचित्र आहे, दक्षिणेतली जुनी घरं उचलून आणून पुन्हा उभारली आहेत. मंगळवारी बंद. पाऊस लागला तर मात्र यातलं काही करू नका, स्टेशनजवळच थांबा.

मालवणी_जावई
दोन रात्री गाडीत. तारकर्ली अजूनही उघडी आहे.

वर्धारोडवाला
त्रिवेंद्रम मेलची चार मिळाली! तीन एका डब्यात, एक दुसऱ्या. दुसऱ्यात साळ्याला पाठवलं असतं, पण तो येत नाही आहे.

इतवारीचा_नातू
छान. आता मी सुरुवातीलाच विचारायला पाहिजे होतं ते सांगा. मुलगा किती वर्षांचा, पोहता येते का त्याला? तरणतलावातलं पोहणं अन् समुद्र यात फरक आहे.

वर्धारोडवाला
अकरा. चांगला पोहतो. पण सर्फिंग मला शिकायचं आहे.

इतवारीचा_नातू
तुम्हाला पोहता येते?

वर्धारोडवाला
नाही.

अड्यारची_वैदर्भीण
😐

इतवारीचा_नातू
मग शिकवणाऱ्याला पैसे द्यायच्या आधी हे सांगा, नंतर नाही. फोमची मोठी फळी मागा, कमरेएवढ्या पाण्यापलीकडे जाऊ नका. फळीचा पट्टा पायाला बांधतात त्याच्या भरवशावर राहू नका, तो फळी वाहून जाऊ नये म्हणून असतो, तुम्ही बुडू नये म्हणून नाही. लाइफ जॅकेट वेगळं मागा. लाल झेंडा असेल त्या दिवशी वाळूतच फळीवर उठायचा सराव करा. अन् पोराला काठावर बसवून ठेवू नका, त्यालाच आधी उतरवा.